मंगळवारी बसलेलं देवक

सोमवारी पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी भामाबाई भोपी यांच्या तव्यावर पहिली भाकरी फुगत होती. सुकापूरला त्यांचं घर तळमजल्यावर आहे. स्वयंपाकघराची खिडकी सोसायटीच्या पार्किंगकडे उघडते आणि त्या वेळी तिथे फक्त वॉचमन जागा असतो. परातीत उकड काढलेलं तांदळाचं पीठ, शेजारी पाण्याचं भांडं, एक भाकरी तव्यावर, दुसरी हातावर. भामाबाईंना पोळपाट लागत नाही. आगरी घरातल्या बायका थापतात तशी त्या दोन्ही तळहातांत फिरवत फिरवत भाकरी मोठी करतात. नवीन पनवेलमधल्या दोन खानावळींना रोजच्या भाकऱ्या, शिवाय लग्नसराईत हळदीच्या ऑर्डरी, यावर त्यांचं घर चालतं. नवरा रामू सहा आसनी रिक्षा चालवायचा. त्याला जाऊन आठ वर्षं झाली. मुलगी प्रांजल एका कंपनीच्या कार्यालयात नोकरीला लागली आहे.

फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केलेला होता, आवाज पूर्ण वाढवून. केंद्रातून फोन आला तर पिठाच्या हातांनीही लगेच घेता यावा, म्हणून वडिलांना तिथे ठेवल्यापासून तो रोज तसाच असतो.

सुकापूरच्या पुढे, माथेरानकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून हे केंद्र आहे. ज्यांच्यावर आणखी उपचार करून उपयोग नाही, अशा रुग्णांना तिथे ठेवून घेतात. वेदना कमी करतात, जखमा धुतात, तोंड ओलं ठेवतात. बैठं घर, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात आंब्याची सावली. दवाखान्याच्या मानाने सलाईनचे स्टँड कमी आणि उशा जास्त. रुग्णाजवळ घरचं एक माणूस असावं असा नियम आहे. काळूराम घरत यांच्याजवळ ते माणूस म्हणजे भामाबाई.

काळूराम जासईचे. वय अठ्ठ्याहत्तर. मिठागरं होती तोवर मिठागरावर राबले, ती गेली तेव्हा पोराच्या घराच्या ओटीवर बसून समोरून जाणारे कंटेनर बघत राहिले. संक्रांतीच्या सुमारास जेवण जाईना, डोळे पिवळे झाले. तपासण्यांत स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, आणि तो यकृतात उतरलेला होता. पित्ताची नळी बसवण्यासाठी त्यांना एका रुग्णालयात ठेवलं आणि त्यात ताप चढला म्हणून अतिदक्षता विभागात हलवलं. तिथे त्यांनी नाकातली नळी ओढून काढली, तेव्हा त्यांचे हात खाटेला बांधावे लागले. भामाबाईंनी ते काचेतून पाहिलं. बाहेर आल्यावर काळूराम म्हणाले, "मना परत त्या काचेत नेऊ नको. मेलो तरी चालेल." आधी ते रागात बोलले असं सगळ्यांना वाटलं. मग ते रोज तेच शांतपणे बोलायला लागले.

तिथून त्यांना भामाबाईंनी सुकापूरला आणलं, कारण जासईच्या घराला रंग लागत होता. काळूरामांचा नातू, म्हणजे भामाबाईंचा भाऊ हरेश याचा मुलगा प्रणित, त्याचं लग्न ठरलं होतं. पण दुखणं वाढलं तसे काळूराम लेकीकडेही राहायला तयार होईनात.

"लेकीच्या दारातून माजी तिरडी निघायची नाय," ते म्हणाले. "हरेशला लोक हसतील."

"लोक हसले तर हसू दे. दात दिसतील त्यांचेच."

"तुला नाय कळायचं."

लेकाच्या घरी लग्न, लेकीच्या घरी लाज. उरलं केंद्र. पहिल्या दिवशी तिथल्या डॉक्टरबाई खाटेशी बसून सगळं समजावून सांगत होत्या. काळूरामांनी त्यांना मध्येच थांबवून विचारलं, "इथं काचेची खोली हाय का?" नाही, म्हणाल्या. "मग टाका खाट."

हरेश त्या दिवशी आला होता. दाराशी उभा राहिला, फोन आला, फोनवर बोलत बाहेर गेला, तो व्हरांड्यातून परस्पर गाडीकडे. त्यानंतर लग्नाच्या धावपळीत त्याला यायला जमलं नव्हतं. काळूराम रोज विचारत होते.

सोमवारी पहाटे फोन वाजला तो केंद्राचा नव्हता, हरेशचा होता. भामाबाईंनी करंगळीने स्पीकर दाबला.

"ताय, उठलीस काय?"

"नाय, झोपेत भाकऱ्या थापते."

"मस्करी नको. डॉक्टरीण काल काय बोलली ऐकलंस ना? आठवड्याचा भरवसा नाय."

"ऐकलं."

"आज सोमवार. शनिवारी हळद, रविवारी लग्न. मधेच काय झालं तर सुतक. मी मांडवात उभा राहू का तेरावं घालू? मुलीकडच्यांनी आधीच एकदा तारीख बदलून दिली, आता नाय ऐकायचे."

"मग?"

"पनवेलला आयसीयूत बोललोय. उद्या चार वाजता ॲम्ब्युलन्स येईल केंद्रात. मशिनवर ठेवतील. फक्त रविवारपर्यंत. सोमवारपासून तू बोलशील तसं."

तव्यावरची भाकरी उलटायची वेळ टळली. खालून करपल्याचा वास आला.

"बाबांनी काय सांगितलंय ते तुला ठाव हाय, हरेश."

"बाबांनीच सांगितलंय, प्रणितचं लग्न बघून जायचंय. ते नाय आठवत तुला?"

ते खरं होतं. ते काळूराम बोलले होते, आणि तेही एकदा नाही.

"हात बांधून बघतील लग्न?"

"डोकं नको खाऊस, ताय. तुला काय, लेकीला तीन दिवसांचं सुतक. माझ्या घरात पोरगा उभा हाय."

करपलेली भाकरी भामाबाईंनी बाजूला काढली आणि तवा पुसला. खानावळीचा पोऱ्या साडेसहाला येतो. त्याच्या टोपलीत भाकऱ्या मोजून घालेपर्यंत त्यांना कसलाही विचार करता येत नाही, असं त्या सांगतात. त्यानंतर त्या केंद्रात गेल्या.

काळूरामांच्या तोंडावरून हेतल ओला कापूस फिरवत होती. हेतल तिथली परिचारिका. घरी गुजराती, पण जन्म पनवेलचा, त्यामुळे मराठी अगदी इथली. भामाबाईंनी तिला व्हरांड्यात बोलावून ॲम्ब्युलन्सचं सांगितलं.

"बाबा शुद्धीत असतील तर त्यांचा शब्द शेवटचा," हेतल म्हणाली. "पण आता ते बराच वेळ झोपेतच असतात. मग डॉक्टर तुम्हा दोघांना बसवून बोलतील. दादा बोलायला बसतील का?"

"तो बसत नाय. उभ्यानं बोलतो."

"तेच. मुलगा गाडी घेऊन आला आणि नेतोच म्हणाला, तर आम्ही कडी लावून घेऊ शकत नाही, भामाताई. जितके तुम्ही नातेवाईक तितकेच ते."

"आणि मी गाडीसमोर उभी राहिले तर?"

"मग बाबांच्या खाटेशी तुमच्या दोघांचं भांडण होईल. आणि ते ऐकू येतं त्यांना. झोपेत असले तरी."

आत काळूराम जागे झाले होते. अंग हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखं पिवळं, आवाज घशातल्या घशात.

"हरेश आला?"

"येतोय."

"त्याला सांग, मांडवाचे बांबू गाडतील तिथं खड्ड्यात मीठ टाक. जाडं. वाळवी लागत नाय."

"चार दिवसांच्या मांडवाला कसली वाळवी लागते, बाबा?"

"तू सांग तर."

भामाबाईंनी हेतलला दुपारपर्यंत लक्ष ठेवायला सांगितलं आणि पनवेलहून उरणची एसटी धरली. गव्हाण फाट्यावर ट्रेलरच्या रांगेत गाडी पाऊण तास उभी होती. त्या पाऊण तासात त्यांनी काय ठरवलं असं विचारलं तर त्या म्हणतात, "काय नाय. घाम पुसला."

जासईचं घर दुमजली, नवा रंग, पुढच्या मोकळ्या जागेत मांडव अर्धा उभा. बांबू गाडले होते, कापड लागायचं होतं. भामाबाई आत जाता जाता पहिल्या खांबापाशी थांबल्या. बुंध्याभोवती जाडं मीठ टाकलेलं होतं. दुसऱ्याला, तिसऱ्यालाही. त्यांनी अजून कुणाला काही सांगितलं नव्हतं.

मांडवात चटईवर गोदूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. गोदूबाई या भागातल्या जुन्या धवलारीण. आगरी लग्नात विधी सांगणं आणि त्या त्या विधीची गाणी म्हणणं हे धवलारणीचं काम. हरेशचं लग्न त्यांनीच लावलं, भामाबाईंचंही. भटजी असला तरी लग्नघरात त्यांचा शब्द खाली पडत नाही.

"आली गो भाकरीवाली. आणि हात रिकामे?"

"भाकऱ्या विकून आले, आजी."

"मग आमी काय, रांगेत उभं राव?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "कसा हाय काळूराम?"

"तसाच. आजी, एक विचारायचंय. सगळ्यांसमोर."

हरेश बाहेर आला, त्याच्यामागे त्याची बायको. भामाबाई उभ्याच राहिल्या. ॲम्ब्युलन्सबद्दल त्या बोलल्या, काचेच्या खोलीबद्दल बोलल्या, बांधलेल्या हातांबद्दल बोलल्या. हरेश मांडवाच्या दोऱ्या बघत होता.

"मना पण बरं वाटत नाय," तो म्हणाला. "पण मग काय करू ते सांग. दुसरं काय हाय?"

"देवक बसलं की सुतक लागत नाय ना?" भामाबाईंनी गोदूबाईंना विचारलं.

"नाय लागत. देवक उठेपर्यंत सुतक दाराभायेर."

"मग शनिवारपर्यंत कशाला थांबायचं? उद्याच बसवा."

देवक म्हणजे लग्नाआधी घरात प्रतिष्ठा करून बसवलेलं कुळाचं दैवत. घरतांच्या कुळात त्यासाठी उंबराची फांदी आणतात आणि नवरदेवाचे आईबाप जोडीने पूजेला बसतात. एरवी ते लग्नाच्या आदल्या दिवशी बसतं. त्यानंतर भावकीत कुणी गेलं तरी लग्न थांबत नाही. हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. चार दिवस आधी बसवायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

"लोक काय म्हणतील?" हरेशच्या बायकोने विचारलं.

"म्हणतील, म्हातारा गेलाय आणि यांनी लपवलाय," गोदूबाई म्हणाल्या. "म्हणू दे. म्हणायला त्यांना दुसरं काय काम हाय? बसवता येतं. पण मग राखायला लागतं, हां. चांगलं राखायला लागतं. दिवा विझता नये. नवरा, नवऱ्याचा बाप, नवऱ्याची आय, तिघांनी गावाची वेस ओलांडायची नाय. आजाऱ्याच्या खाटेशी जायचं नाय, मयताच्या वाटेला जायचं नाय. सोमवारी देवक उठेपर्यंत."

"चालेल," हरेश म्हणाला.

तो फार पटकन म्हणाला, हे भामाबाईंच्या लक्षात आलं. पण त्यांचं मन चार वाजताच्या गाडीवर होतं. "मग ती ॲम्ब्युलन्स?"

"नाय येणार." त्याने तिथेच फोन लावून गाडी रद्द केली. रुग्णालयालाही कळवलं. मग खुर्ची ओढून बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. त्या दिवसात तो पहिल्यांदाच बसला, असं त्याच्या बायकोने नंतर सांगितलं.

"आज संध्याकाळी ये, हरेश," भामाबाई म्हणाल्या. "उद्यापासून तुला येता यायचं नाय. बाबा रोज विचारतात."

"येतो. उंबर आणायला माणूस पाठवतो आणि निघतो."

हरेशची बायको चहा घेऊन आली. "प्रांजलला आजच पाठवा, ताई. करवली तीच ना. आता देवक उद्याच म्हणजे ती आजपासून इथेच लागणार. आणि तुम्ही काही देवकाच्या पूजेत बसणार नव्हताच. तुम्ही मामंजींजवळ असलात तर आमच्या जिवाला घोर नाही."

हे तिने मनापासून सांगितलं. विधवा बाई देवकाच्या पूजेत बसत नाही, हे भामाबाईंना कुणी सांगण्याची गरज नव्हती. त्यांनी चहा घेतला.

निघताना गोदूबाईंनी हाक मारली. "आणि मधेच गेला तर अग्नी कोण देईल?"

हरेश मांडववाल्याशी बोलत होता. चुलतभाऊ सगळे याच मांडवात राबायला येणार होते, म्हणजे मयताची वाट त्यांनाही बंद. गोदूबाईंनी उत्तराची वाट पाहिली. मग भामाबाईंकडे बघून म्हणाल्या, "मग झालं. तूच," आणि पुन्हा सूप ओढलं.

परतीच्या गाडीत भामाबाईंनी पहिल्यांदा सगळं एका ओळीत मांडून पाहिलं. गाडी येणार नाही. हात बांधले जाणार नाहीत. लग्न होईल. आणि बाबांपाशी आता फक्त आपण. हे सगळं आपणच बोलून घेतलं, कुणी लादलं नाही. त्यातल्या त्यात संध्याकाळ शिल्लक होती.

संध्याकाळी त्यांनी वडिलांना पुसून काढलं, धुतलेला सदरा घातला, खाट खिडकीकडे वळवून घेतली. खिडकीतून फाटकातून येणारं माणूस दिसतं. हेतल गोळी द्यायला आली.

"ही दिली की त्यांना झोप लागते," भामाबाई म्हणाल्या. "हरेश येतोय. थोडी उशिरा नाय देता येत?"

"देता येईल. पण दुखेल."

काळूराम ऐकत होते. "थांब," ते हेतलला म्हणाले. "पोरगा येऊ दे."

त्यांनी कळ काढली. खाटेची दांडी धरून ठेवली होती. साडेसातला फोन आला. हरेश गव्हाण फाट्यावर होता.

"पुढं ट्रेलर आडवा झालाय, ताय. दोन तास गाडी जागची हलली नाय. मागं पण जाता येत नाय. मी सकाळी लवकर निघतो, पूजेच्या आधी येऊन जातो."

भामाबाईंनी ते खोटं धरलं नाही. सकाळी त्या स्वतः तिथे अडकल्या होत्या. आणि त्या रस्त्यावर ट्रेलर चालवणं हाच हरेशचा धंदा आहे. त्यांनी फोन वडिलांच्या कानाशी धरला.

"बाबा, मी हरेश."

काळूरामांनी हात उचलून फोन बाजूला केला आणि हेतलला गोळी दे अशी खूण केली.

मंगळवारी पहाटे भामाबाई पुन्हा तव्याशी होत्या. वडिलांजवळ रात्री केंद्रातली सेविका बसते, तेवढी सोय तिथे आहे. घरात प्रांजल नव्हती. ती आदल्या दुपारीच एसटीने जासईला गेली होती, त्यामुळे उकड काढणं, थापणं, भाजणं सगळं एका हाती. पावणेसहाला फोन वाजला.

"ताय, मुहूर्त साडेसातचा निघाला. आजीनं आंघोळ घालून बसवलंय. आता बाहेर पाय टाकता येत नाय."

"बरं."

"बाबांना सांग..."

पलीकडून कुणीतरी हळदीचं ताट कुठे ठेवलं म्हणून ओरडत होतं.

"काय सांगू?"

"सांग काहीतरी," हरेश म्हणाला आणि फोन ठेवला.

साडेसातला देवक बसलं. प्रांजलने फोटो पाठवला. पाटावर उंबराची फांदी, समई, शेजारी हरेश आणि त्याची बायको, दोघांच्या डोक्याला मुंडावळ्यांसारखं काहीतरी, मागे गोदूबाई तोंड उघडून गाताना. हरेश कॅमेऱ्याकडे बघत नव्हता.

अकराच्या सुमाराला भामाबाई केंद्राच्या व्हरांड्यात बसलेल्या असताना प्रणितचा फोन आला. नवरदेव न्हाणीघरातून बोलत होता. आवाज घुमत होता.

"आत्या, मी येऊ का?"

"कुठं?"

"आजोबांना बघायला. मागच्या दाराने निघतो. बाईकवर. हेल्मेट घातल्यावर कोण ओळखतंय?"

"हळद लागलेल्या पोराला हेल्मेटमधून पण ओळखतात."

"अजून नाही लागली. शनिवारी आहे. आत्या, पाच मिनिटं. हात लावतो आणि परत येतो. पप्पांना कळणारच नाही."

भामाबाईंना फाटक दिसत होतं. बाईक यायला अर्धा तास लागला असता. त्या म्हणाल्या, "नको."

"का पण? तुम्ही पण हे सगळं मानता?"

"मी मानते की नाय ते सोड. तू वेस ओलांडलीस हे कळलं तर देवक बाटलं म्हणतील. मग सुतकाची भीती परत. मग तुझा बाप परत गाडी बोलवेल. मना ती गाडी इथं नकोय."

न्हाणीघरात नळ चालू झाला. बहुधा कुणीतरी दाराशी आलं असावं.

"आजोबा माझं नाव घेतात का?"

"घेतात. अंघोळ कर आता. जास्त वेळ लागला तर गोदू आजी आत येईल."

तो हसला, आणि फोन बंद झाला. भामाबाईंनी फोन पदराला पुसला. सोमवारी सकाळी त्यांच्या वडिलांना इथून ओढून नेणारा माणूस एक होता. आता त्यांना भेटायला येणाऱ्या माणसाला दाराबाहेर ठेवणारं माणूस त्या स्वतः होत्या. हा हिशेब त्यांनी मोठ्याने केला नाही. पण त्या दुपारी हेतलने जेवायला बोलावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी इथनं उठले तर माझ्या जागी कोण बसेल?" हेतल म्हणाली, "मी बसते की दहा मिनिटं." त्यावर त्या उठल्या आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन, न जेवता, परत आल्या.

चार वाजता फाटकाशी गाडी वाजली. भामाबाई ताठ उभ्या राहिल्या. ऑक्सिजनच्या नळकांड्यांचा टेम्पो होता.

त्या आवाजाने काळूरामांनी डोळे उघडले. डोळे स्वच्छ होते. बरेच दिवस नव्हते तितके.

"हरेश?"

भामाबाई खाटेवर बसल्या. येतोय म्हणणं सोपं होतं. आठवडाभर त्या तेच म्हणत होत्या.

"बाबा, देवक बसलं. आज सकाळी."

काळूरामांनी भावकीतली कितीतरी देवकं पाहिली होती. लग्न रविवारी आहे हे त्यांना माहीत होतं. आज वार कोणता, हे त्यांनी विचारून घेतलं.

"मंगळवार," भामाबाई म्हणाल्या.

"मंगळवार," ते म्हणाले. "कुणी काढलं हे? गोदूनं?"

"मी."

त्यांनी मान लेकीकडे वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की नाही हे भामाबाईंना कळलं नाही. तो चेहरा आता इतका आक्रसला होता की त्यावर काही वाचता येत नव्हतं.

"तुमाला काचेत नेणार होते," त्या म्हणाल्या. "रविवारपर्यंत. म्हणून."

"उंबर कुठनं आणला?"

"ते मना नाय ठाव."

"खाडीकडच्या बांधावर हाय एक. तिथलाच आणायचा. दुसरा चालत नाय." त्यांनी श्वास घेतला. "खांबाखाली मीठ?"

"टाकलंय. मी सांगायच्या आधीच टाकलेलं होतं. हरेशनं."

काळूरामांच्या ओठांची एक बाजू हलली. "मीच शिकवलंय," ते म्हणाले. मग डोळे मिटून, "म्हणजे आता तो यायचा नाय."

"सोमवारी येईल. देवक उठलं की."

"सोमवार." तो शब्द त्यांनी नुसता ठेवून दिला. हाताने चाचपून त्यांनी खाटेची दांडी शोधली, ती सापडली नाही, भामाबाईंचं मनगट सापडलं, तेच धरलं. पकड अजून मिठागरावरच्या माणसाची होती. संध्याकाळची गोळी झाली, ते झोपले, तरी ती सुटली नाही. मनगट सोडवून घ्यायचं म्हटलं तर एकेक बोट उचलावं लागलं असतं. भामाबाईंनी ते केलं नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी खानावळीला फोन लावला आणि उद्या भाकऱ्या नेहमीपेक्षा लवकर, सहाला तयार ठेवते, पोऱ्याला तसा पाठवा, असं सांगितलं. कारण विचारलं तेव्हा कामाचं सांगितलं.

कारण कामाचंच होतं. उद्या बुधवार. केंद्रात बुधवारी सकाळी सात वाजता चादरी बदलतात, आणि चादर खालून ओढून घेईपर्यंत रुग्णाला कुशीवर धरून ठेवायला घरचं एक माणूस लागतं.